पायाळू भावंडांच्या पायातला गुण : जन्माचा की घराचा?

धुरेकरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ही आठवण अनेक वर्षे मनात घोळते आहे. जाणत्या लोकांसमोर ती मांडावी म्हणून हा धागा काढत आहे.

सन १९८४ चा उन्हाळा असावा. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्याच्या पश्चिम भागातले. गावापासून दीड कोसावर एक कुटुंब गाव सोडून वावरातच राहत असे. आई, वडील आणि तीन भावंडे. थोरला आणि धाकटा असे दोघेही मुलगे पायाळू, म्हणजे जन्मताना ज्यांचे पाय आधी आले असे. मधली मुलगी मात्र सरळ जन्मलेली. थोरला जमिनीखालचे पाणी दाखवत असे. धाकट्याचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण उतरते अशी पंचक्रोशीत ख्याती होती. मुलीला हरवलेले ढोर कुठे असेल ते कळते, असे बाया हळू आवाजात सांगत. वडील अतिशय कडक होते. मुलांनी गावात यायचे नाही, दुसऱ्याच्या घरचे पाणी प्यायचे नाही, पोळ्याच्या तोरणाखाली उभे राहायचे नाही, मुलीने भुलाबाईच्या गाण्यांना जायचे नाही. "लोकाईत मिसळलं का गुण जाते," असे ते माझ्या वडिलांना म्हणाल्याचे मला स्पष्ट आठवते.

आमच्या वावरात विहीर खोदायची ठरली तेव्हा त्या थोरल्या मुलाला बोलावले होते. तो असेल बारा-तेरा वर्षांचा. चैत्रातली दुपार, काळ्या मातीला भेगा पडलेल्या आणि तो मुलगा अनवाणी. हातात उंबराची बेचकी, तिची दोन्ही टोके दोन मुठींत धरलेली. मागे वडील, हातात काठी. बहीण धुऱ्यावरच्या बाभळीखाली उभी. मुलगा तीनदा वावर आडवा-उभा चालला. त्याचे पाय भाजत होते हे मला दिसत होते, कारण प्रत्येक पाऊल तो टाचेवर टेकवून पटकन उचलत होता. शेवटी एका जागी बेचकी खाली वाकली. त्या क्षणी त्याने जमिनीकडे किंवा वडिलांकडे पाहिले नाही, तर बहिणीकडे पाहिले. तिथे ४० फुटांवर पाणी लागले आणि ते आजही आहे.

माझा प्रश्न असा आहे. असा गुण खरोखर जन्माने येतो, की चार भिंतींच्या शिस्तीत, दुसरे काहीच पाहायला-ऐकायला नसलेल्या मुलांत तो वाढतो? आपल्यापैकी कोणी अशी भावंडे पाहिली आहेत का?

उमरखेडची_लेक

माझी मोठी मावशी पायाळू होती. सकाळी उठून दार उघडले की अंगणात कोणीतरी कंबर धरून बसलेले असायचे. डावा पाय तीन वेळा पाठीवर टेकवायचा, बोलायचे नाही, पैसे घ्यायचे नाहीत, एवढाच विधी. लोकांना आराम पडत असे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

मात्र एक गोष्ट कोणी सांगत नाही. पायाळू माणसावर वीज पडते अशी समजूत असल्यामुळे मृग लागला की मावशीला घराबाहेर पाऊल टाकू देत नसत. आकाशात गडगडले की तिला माजघरात बसवून दार लावले जाई. पहिल्या पावसाचा वास तिने आयुष्यभर दाराच्या फटीतून घेतला. आमच्याकडे पेरणी सुरू झाली की सगळे घर वावरात असायचे आणि ही एकटी घरात. लोकांच्या पाठी मोकळ्या करणारी ती बाई स्वतः कधी मोकळी फिरली नाही. धुरेकरी, तुम्ही त्या मुलाचे भाजणारे पाय पाहिलेत, याबद्दल मला तुमचा आदर वाटतो. बाकीच्यांनी बेचकी पाहिली असेल.

गुरुजी_वर्धा

मी जिल्हा परिषद शाळेत ३१ वर्षे शिक्षक होतो. अशी दोन घरे माझ्या वाट्याला आली. पटनोंदणीच्या वेळी मी अशा एका घरी तीन वेळा गेलो. वडिलांनी गुळाचा चहा दिला, आदराने बाजेवर बसवले आणि मुलांना शाळेत पाठवायला शांतपणे नकार दिला. मुले आत कुडाच्या भिंतीआड उभी होती. मला त्यांचे डोळे दिसत नव्हते, पण भिंतीला टेकलेली बोटे दिसत होती. त्या वेळी माझ्या हातात समजूत घालण्यापलीकडे काही नव्हते. ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि २०१० पासून लागू झाला, तोपर्यंत ती मुले मोठी झाली होती.

तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे : मुलाला अक्षर दिले नाही, मित्र दिला नाही, खेळ दिला नाही, तर त्याची सगळी बुद्धी जे समोर उरते त्यावर एकवटते. समोर माती असेल तर मातीवर, ढोरे असतील तर ढोरांवर, आणि वडिलांचा राग असेल तर वडिलांच्या चेहऱ्यावर. अशी मुले माणसाचा चेहरा विलक्षण वाचतात. पाहुण्याने तोंड उघडण्याआधी तो कशासाठी आला ते त्यांना समजते आणि लोकांना तो चमत्कार वाटतो.

बेसाल्ट

भूजलाच्या कामात माझी वीस वर्षे गेली आहेत, म्हणून थोडे लिहितो. यवतमाळच्या पश्चिमेकडचा बहुतेक भाग लाव्हारसाच्या थरांचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. या खडकात पाणी नदीसारखे वाहत नाही. ते वरच्या मुरमात, झिजलेल्या खडकात आणि भेगांमध्ये साठते. त्यामुळे एका वावरात पाणी लागते आणि शेजारच्या वावरात शंभर हातांवर कोरडा पाषाण निघतो. पाणी दाखवणाऱ्याची ख्याती या अनिश्चिततेवर उभी असते. लागलेली विहीर गावाच्या डोळ्यांसमोर राहते आणि कोरडी विहीर बुजवली जाते. यश मोजताना बुजवलेल्या विहिरी कोणी मोजत नाही.

बेचकी वाकते ती खोटेपणाने वाकते, असे मात्र मी म्हणणार नाही. ताणून धरलेली फांदी मुठींच्या अगदी बारीक, धरणाऱ्यालाही न कळणाऱ्या हालचालीने वळते. मनातल्या अपेक्षेने स्नायू असे नकळत हलतात, हे विल्यम कारपेंटर या इंग्लिश वैद्याने १८५२ सालीच मांडले होते. म्हणजे मुलाला आतून कुठेतरी "इथे" असे वाटले की बेचकी वाकणारच. प्रश्न एवढाच उरतो की "इथे" असे त्याला कशावरून वाटले.

त्याचे उत्तर जुने आहे. वराहमिहिराच्या ग्रंथात सहाव्या शतकात दकार्गल नावाचा सबंध अध्याय आहे. कोणत्या झाडाजवळ, वारुळाच्या कोणत्या बाजूला, किती खोल पाणी लागेल, याची त्यात वर्णने आहेत. त्यातले सगळे पटण्यासारखे नाही. पण उंबर, जांभूळ, अर्जुन ही पाण्याची ओढ असलेली झाडे आहेत आणि त्यांची उपस्थिती आम्ही आजही लक्षात घेतो. वावरातच जन्मलेल्या आणि वावराबाहेर न गेलेल्या मुलाला हे कोणी न शिकवता समजू शकते. त्यामुळे गुरुजींशी मी सहमत आहे.

पूर्णाकाठ

बेसाल्ट यांच्या अभ्यासाचा मान राखून मला वेगळे म्हणायचे आहे. आमचा भाग खारपाणपट्ट्याचा, पूर्णा नदीच्या खोऱ्यातला. इथे पाणी लागणे ही अडचण नाही, गोडे पाणी लागणे ही आहे. विहीर खोदावी तर पाणी असे निघते की डाळ शिजत नाही आणि पीक पिवळे पडते. माझ्या आजोबांनी तीन ठिकाणी खोदून पाहिले, तिन्ही ठिकाणी खारे. मग शेजारच्या गावातल्या दोघी पायाळू बहिणींना आणले. त्यांनी दाखवलेल्या जागी गोडे पाणी लागले आणि उन्हाळ्यात अर्धे गाव त्या विहिरीवर येत असे. वरून सगळी माती सारखीच काळी, झाड नाही, वारूळ नाही. तिथे त्या मुलींनी काय वाचले असेल?

प्रत्येक गोष्टीचे उत्तर आजच मिळाले पाहिजे, असा आग्रह का? आमच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. चंद्रभान महाराज वाघ यांच्यापासून सुमारे साडेतीनशे वर्षे ती चालत आल्याचे सांगतात. वावरात गोल घट आखून धान्ये मांडतात, मध्ये पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे आणि त्यांवर पाण्याची घागर ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे धान्य कसे हलले, ढेकूळ किती भिजले यावरून पीकपाणी सांगतात. हजारो कास्तकार ते ऐकायला जमतात. ते सगळे वेडे आहेत, असे मी म्हणू शकत नाही.

मृगनक्षत्र

पूर्णाकाठ, वेडे कोणीच म्हणत नाही. पण भेंडवळचे उदाहरण इथे लागू पडत नाही असे मला वाटते. तिथे घट वाचणारे त्या घराण्यातले जाणते, मोठे पुरुष असतात. सगळे उघड्यावर, हजारो लोकांसमोर होते आणि भाकीत चुकले तर वर्तमानपत्रांत त्याची चर्चाही होते. ज्या घराण्याला गावाचा सन्मान आहे, त्याची तुलना ज्या मुलांना गावाचे तोंड पाहू दिले नाही त्यांच्याशी कशी करायची? धाग्यातला प्रश्न गुण असण्याचा जितका आहे, तितकाच तो सांभाळण्यासाठी लेकरे कोंडण्याचा आहे.

तुमच्या त्या दोघी बहिणींना आजोबांनी जेवायला बसवले होते का, की त्या पाणी न पिता परत गेल्या?

पूर्णाकाठ

मृगनक्षत्र, आईला फोन करून विचारले. आई म्हणाली, त्यांना साडी-चोळी दिली, पण त्या ओसरीवर बसल्या नाहीत, वडील फाटकाशी उभे होते म्हणून. धाकटी आमच्या अंगणातल्या झोपाळ्याकडे पाहत होती, एवढे आईला आठवते. हे मला आजवर माहीत नव्हते.

ओवीचा_वारकरी

हा धागा वाचताना मला सारखी आळंदीची चार भावंडे आठवत आहेत. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव आणि मुक्ताबाई. विठ्ठलपंतांनी संन्यास घेऊन पुन्हा संसार केला म्हणून सगळ्या घरालाच वाळीत टाकले गेले. आईवडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले आणि ही लेकरे शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली. रेड्याच्या मुखी वेद, चालती भिंत, पाठीवर भाजलेले मांडे, या सगळ्या कथा वाळीत टाकलेल्या मुलांच्या आहेत, हे आपण विसरतो.

पण एक फरक महत्त्वाचा वाटतो. त्यांना एकटे पाडले ते बाहेरच्यांनी. घरात मात्र थोरला भाऊ धाकट्याचा गुरू झाला आणि ज्ञानदेव रुसून ताटी लावून बसले तेव्हा सर्वांत धाकट्या बहिणीने ताटीबाहेर उभे राहून त्यांची समजूत घातली. ज्या घरात धाकटी बहीण थोर भावाला "दार उघड" म्हणू शकते, ते घर कितीही एकाकी असले तरी कोंडवाडा नव्हे. धुरेकरींनी सांगितलेल्या घरात त्या मुलीला असे म्हणता येत होते का?

प्रवासी_पक्षी

मी मूळची अमरावतीची, आता अमेरिकेत राहते. ईशान्येकडच्या व्हर्मॉन्ट राज्यात चिटेंडन नावाचे डोंगरातले गाव आहे. तिथल्या शेतघरात विल्यम आणि होरेशिओ एडी हे दोन भाऊ राहत. घरात आत्मे प्रकट होतात, अशी त्यांची ख्याती होती. १८७४ साली कर्नल ऑल्कॉट हे वकील वर्तमानपत्रासाठी त्यांच्यावर लिहायला तिथे गेले, तिथेच त्यांची मादाम ब्लाव्हाट्स्की या रशियन गूढवादी बाईंशी भेट झाली आणि १८७५ साली दोघांनी इतरांसह न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी ही ब्रह्मविद्येची संस्था स्थापन केली. तीच संस्था पुढे १८७९ साली मुंबईत आणि १८८२ साली मद्रासजवळ अड्यारला आली. म्हणजे एका शेतघरातल्या भावंडांचा धागा आपल्या देशापर्यंत पोहोचला.

त्यांच्या बालपणाविषयी भावांनी ऑल्कॉट यांना जे सांगितले ते अंगावर काटा आणणारे आहे. मुलांना झटका येऊन ती निपचित झाली की कर्मठ वडील त्यांना मारत, एकदा उकळते पाणी ओतले, एकदा डोक्यावर निखारा ठेवला. पुढे या गुणाचे पैसे मिळतात हे कळल्यावर त्याच वडिलांनी मुलांना खेळ करणाऱ्याच्या हवाली केले आणि ती गावोगाव, देशोदेशी फिरवली गेली. त्यांच्या अंगावरचे व्रण ऑल्कॉट यांनी पाहिले होते. आत्मे खरे होते की नाही यावर त्या काळी खूप वाद झाला आणि फसवणुकीचे आरोपही झाले. पण व्रणांविषयी वाद नव्हता.

त्याच देशातल्या फॉक्स बहिणींची गोष्ट १८४८ सालची. घरात भिंतीवर ठोके ऐकू येत आणि आत्मे त्यांतून उत्तरे देत. चाळीस वर्षांनी, १८८८ साली, मार्गारेट फॉक्स यांनी न्यूयॉर्कमध्ये भर सभेत दाखवले की ते आवाज पायाच्या बोटांचे सांधे वाजवून काढलेले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी ती कबुली मागेही घेतली. मुलींनी आईला घाबरवण्यासाठी सुरू केलेला खेळ मोठ्यांनी खरा मानला आणि मग तो थांबवणे त्यांच्या हातात उरले नाही, असे मला वाटते. इथेही पुन्हा पायच, हा योगायोग मनाला लागून राहिला.

परिचारिका_मेळघाट

पायाळू जन्माविषयी मी सांगते. पूर्ण दिवसांच्या शंभर बाळंतपणांत तीन-चार बाळे पायाकडून किंवा ढुंगणाकडून येतात. दिवस भरण्याआधी झालेल्या बाळांत हे प्रमाण जास्त असते. गर्भाशयाचा आकार, वारेची जागा, पाण्याचे प्रमाण अशी कारणे असतात. ज्या बाईचे एक बाळ पायाळू झाले तिचे पुढचेही तसे होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते, म्हणून एका घरात दोन पायाळू भाऊ असणे नवलाचे नाही. जुन्या काळी अशा बाळंतपणात डोके अडकून बाळ दगावत असे. जे जगले ते देवाने राखले, अशी भावना त्यातून आली असावी. ज्या सुईणीने ते बाळ सोडवले तिचे नाव मात्र कोणी घेत नाही.

आता असे बाळ असले की आम्ही वेळेत वरच्या दवाखान्यात पाठवतो आणि बहुतेकांचे सिझर होते. मागच्या वर्षी एका आजीने मला अगदी काळजीने विचारले, "सिस्टर, पोट फाडून काहाडलं त मंग हे पोट्टं पायाळू धरावं का नाही?" मी म्हटले, आजी, नका धरू, त्याला पावसात खेळू द्या. आजी हसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं, बाप्पा."

कायद्याची_वही

या विषयाची एक भीषण बाजू आहे, ती नोंदवणे मला आवश्यक वाटते. गुप्तधन शोधण्यासाठी पायाळू मूल लागते, या समजुतीपायी लेकरांच्या जिवावर बेतल्याच्या घटना घडल्या आहेत. महाराष्ट्रात २०१३ साली नरबळी आणि जादूटोणाविरोधी कायदा झाला. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर आधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. गुप्तधन किंवा पाण्याचे साठे शोधण्याच्या नावाखाली अमानुष कृत्य करणे, आणि साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे, हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड ५,००० ते ५०,००० रुपये. नुसते पाणी दाखवणे हा गुन्हा नाही आणि होऊन गेलेल्या संतांचे चमत्कार सांगणे हाही नाही, त्यामुळे ओवीचा_वारकरी यांनी निश्चिंत असावे. लेकरू संकटात दिसले तर १०९८ हा क्रमांक कोणीही, नाव न सांगताही, लावू शकतो.

तुराटी

चार दिवस हा धागा नुसता वाचत होते. लिहावे की नाही याचा विचार करत होते. मी अशाच एका घरात वाढले आहे. धुरेकरींनी सांगितलेले घर ते नव्हे. आमचे घर सातपुड्याच्या पायथ्याशी, अचलपूरच्या उत्तरेला होते.

आम्ही दोघे, मी आणि माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा भाऊ. पहाटे चारला उठायचे, थंड पाण्याने अंघोळ करायची, सूर्य उगवेपर्यंत बोलायचे नाही. गुरुवारी अळणी जेवायचे. वडिलांना आमच्यात काहीतरी दिसले होते आणि ते जपणे हेच त्यांनी आयुष्याचे काम मानले. ते दुष्ट नव्हते. आमच्याआधी ते स्वतः अळणी जेवत. हे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण कडक बाप म्हटला की लोक राक्षस पाहतात.

हरवलेली ढोरे कुठे आहेत हे मी सांगत असे. ते कसे, हे आज मला सांगता येते. घरात बोलायला बंदी असल्यामुळे कान फार तयार झाला होता. कोणाच्या गायीच्या गळ्यात लाकडी ठोकळा, कोणाच्या पितळी घाटी, कोणाच्या म्हशीच्या गळ्यात फुटकी, हे मला दोन मैलांवरून कळत असे. रात्री वारा उत्तरेचा असला तर आणखी लांबचे. सकाळी कोणी विचारायला आले की मी डोळे मिटून "नाल्यापलीकडे, मोहाजवळ" असे सांगे. डोळे मिटायला वडिलांनी शिकवले होते. भावाचे आणि माझे तर बोलण्यावाचूनच चाले. अंधारात त्याच्या श्वासावरून तो जागा आहे, घाबरला आहे की नुसता उपाशी आहे, ते मला समजत असे.

तो अकरा वर्षांचा असताना श्रावणात एका पहाटे मी दचकून उठले. काय झाले ते माहीत नव्हते, पण त्याचा श्वास वेगळा होता. तो पोटात दुखते म्हणाला. अंगावर कुठे जखम नाही, सूज नाही. उजाडेपर्यंत त्याच्या पापण्या खाली आल्या, त्याला डोळे उघडवेनात, शब्द जड झाले. वडिलांनी त्याला मांडीवर घेतले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "याची समाधी लागली." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, आनंदाचे. त्यांनी उदबत्ती लावली. मला आतून कळत होते की हे तसे नाही, कारण मी त्याच्या श्वासाला बालपणापासून ओळखत होते. पण त्या घरात सूर्य उगवेपर्यंत बोलायचे नसते आणि मी बोलले नाही. सूर्य उगवल्यावर बोलले तेव्हा बैलगाडी जुंपली, आणि दवाखाना नऊ मैलांवर होता.

नंतर माझी आई अंथरूण झटकत असताना गोधडीच्या घडीतून मण्यार निघाली.

धुरेकरी, तुम्ही विचारता की गुण जन्माचा की घराचा. माझ्याजवळ उत्तर नाही. माझा कान आजही तसाच आहे. मी आता शहरात राहते, दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसाला श्वास लागत असेल तर त्याला आधी आत पाठवते. कोणी मला विचारत नाही की मला ते कसे कळते.

उमरखेडची_लेक

तुराटी, तुम्ही लिहिलेत हे फार मोठे आहे. तुम्ही तेव्हा तेरा वर्षांच्या होतात. बोलायचे नाही हा नियम तुम्ही केलेला नव्हता.

परिचारिका_मेळघाट

तुराटीताई, हात जोडते. इतरांसाठी लिहिते, कारण पावसाळ्यात हे वाचून कोणाचा जीव वाचू शकतो. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश दुखत नाही, सुजत नाही, खूणही कित्येकदा दिसत नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे म्हणजे श्वासाचे स्नायू थांबायच्या बेतात आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच प्रतिविषाची लस चालते आणि ती सरकारी दवाखान्यात मिळते. श्वास थांबत असेल तर कृत्रिम श्वासावर ठेवून माणूस वाचतो. एक क्षणही पाहत बसू नका. आणि मंत्राने माणूस उठल्याचे जे किस्से आहेत त्यांतले बहुतेक बिनविषारी सापाचे किंवा विष न टोचलेल्या दंशाचे असतात.

बेसाल्ट

तुराटी यांचे वाचल्यावर मी माझा आधीचा प्रतिसाद पुन्हा वाचला. मी पाण्याविषयी बरोबर लिहिले आहे, पण मुलांविषयी एकच वाक्य लिहिले आहे. धुरेकरी, त्या तीन भावंडांचे पुढे काय झाले, हे तुम्ही सांगितले नाहीत.

धुरेकरी (धागाकर्ता)

बेसाल्ट, तुमच्या प्रश्नाने मला दोन रात्री झोप आली नाही, कारण मलाच माहीत नव्हते. इतकी वर्षे मी ती विहीर आठवत होतो आणि माणसे शोधली नव्हती. रविवारी गावी जाऊन आलो.

वडील जाऊन बरीच वर्षे झाली. ते घर आता नाही, जोत्याचे दगड आणि एक उंबर आहे. धाकटा भाऊ सुरतेला कापडाच्या कामात आहे. थोरला गावातच भेटला. तो विंधनविहिरीच्या गाडीवर मजुरी करतो, पाइप जोडण्याचे काम. मी त्याला आमच्या विहिरीची आठवण दिली तेव्हा तो खाली पाहून बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मले काईच समजे नाही, भाऊ. मी त माह्या बहिणीकडे पाहो. थे धुऱ्यावर उभी राहून पायाच्या अंगठ्यानं माती दाबे, का मंग मी बेचकी वाकवो. पायाळू मी होतो, म्हणून मलेच न्यायचे. पोरीच्या जातीले कोण नेते?"

तो क्षण मी नऊ वर्षांचा असताना पाहिला होता आणि इतकी वर्षे चुकीचा वाचला होता.

त्याने बहिणीचा क्रमांक दिला. ती वाशीम जिल्ह्यात सासरी आहे, नातवंडे आहेत. मी कोण ते सांगितल्यावर तिने आधी आमची विहीर आटली का, हे विचारले. नाही म्हटल्यावर तिला समाधान झाले, ते आवाजात कळले. मी विचारले, ताई, तुम्हाला कसे कळत असे. ती म्हणाली की बकऱ्या चारताना वैशाखात कुठली हरळी सर्वांत उशिरा वाळते, कोणत्या जागी पहाटे मुंग्यांचा ओला मातकट ढीग असतो, दव कुठे जास्त वेळ राहते, ते रोज पाहून पाहून डोक्यात बसले होते. भाऊ ज्या वावरात जाणार तिथे ती आदल्या दिवशी बकऱ्या घेऊन जात असे. मी म्हटले, म्हणजे सगळे पाहण्यातलेच. त्यावर ती थोडी थांबली. "अर्धंक पाहण्यातलं. बाकीचं पायाले समजते, भाऊ. थे कसं सांगू?"

पूर्णाकाठ आणि बेसाल्ट, तुम्ही दोघांनी आपापल्या बाजूने हे घ्यावे. मला त्यातला कोणताच भाग सोडता येत नाही.

ओवीचा_वारकरी यांचा प्रश्नही मी तिला विचारला, की वडिलांना कधी सांगितले का. ती म्हणाली, बाबांना शेवटपर्यंत कळले नाही. कळले असते तर भावाला मार बसला असता, आणि तिला बकऱ्यांमागे जाणेही बंद झाले असते.

सासरी तिच्याबद्दल कोणालाच माहीत नाही. सात-आठ वर्षांपूर्वी त्यांच्या वावरात विहीर घ्यायची ठरली तेव्हा मालक शहरातून यंत्र घेऊन येणाऱ्या माणसाला बोलावणार होते. हिने एकटीने वावरात दोन सकाळी फिरून जागा हेरली, तिथे एक दगड ठेवला आणि घरी सांगितले की माहेरकडचा एक म्हातारा पाणाड्या वाटेत भेटला होता, त्याने दाखवली. ३५ फुटांवर पाणी लागले. घरचे लोक अजूनही त्या म्हाताऱ्याला दर अक्षय्य तृतीयेला नारळ पाठवायचा म्हणतात, आणि ती म्हणते, द्या माझ्याजवळ, मी पोचवते.